झुको तोच आहे का? एका वादाचा निकाल

वादाचा मुद्दा एवढाच होता. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही अ‍ॅनिमेशन मालिका जुलै २००८ मध्ये संपली, तेव्हा अग्निराष्ट्राच्या गादीवर बसलेला झुको आणि २०१२ मध्ये तीन भागांत निघालेल्या 'द प्रॉमिस' या कॉमिकमधला झुको, हा एकच माणूस आहे की नाव आणि चेहऱ्यावरचा व्रण तेवढा तोच ठेवून कोणी दुसराच उभा केला आहे?

सदाशिव पेठेत आठवड्यातून एकदा आमचा पटकथेचा वर्ग भरतो. तिथे हा वाद पेटला. एक बाजू कोथरूडच्या मुलीची, दुसरी चिंचवडहून लोकलने येणाऱ्या मुलाची. पुढे मी त्यांना कोथरूडकर आणि चिंचवडकर असंच म्हणते; वर्गातही तेच चालतं. दोघांनी मालिकेचे ६१ भाग लहानपणापासून इतक्यांदा पाहिलेत की संवाद तोंडपाठ. कोथरूडकरचं म्हणणं, "ताई, हा झुको नाहीच. तीन पर्वं ज्या बापापासून सुटायला धडपडला, त्याच बापाकडे तुरुंगात जाऊन सल्ला मागतो? काका जिवंत असताना?" चिंचवडकरचं म्हणणं, तोच झुको आहे, आणि अगदी त्याच्यासारखाच वागतोय. वाद मिटेना, तेव्हा मी तो अभ्यासाला घेतला.

ज्यांनी हे वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मालिकेच्या शेवटी युद्ध संपतं. अग्निराष्ट्राचा राजा ओझाई कैदेत जातो, त्याचा मुलगा झुको राजा होतो. कॉमिक तिथूनच सुरू होतं. आंग हा मालिकेचा नायक, बारा वर्षांचा 'अवतार'; झुको आधी त्याचाच पाठलाग करायचा, नंतर त्याचा मित्र झाला. झुको आंगला गळ घालतो: मी कधी माझ्या बापासारखा होताना दिसलो, तर मला संपव, तसं वचन दे. आंग आढेवेढे घेतो आणि शेवटी हो म्हणतो. मग कथा एक वर्ष पुढे जाते. पृथ्वीराज्यातल्या अग्निराष्ट्राच्या वसाहती हलवायचं ठरलेलं असतं आणि झुकोचा त्याला पाठिंबा असतो. यू दाओ ही सगळ्यांत जुनी वसाहत. तिथल्या महापौराची मुलगी कोरी झुकोला मारायला येते. त्यानंतर झुको यू दाओला जातो आणि पाहतो तर तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मिसळलेली. कोरीची आई पृथ्वीराज्याची, बाप अग्निराष्ट्राचा. झुको पाठिंबा काढून घेतो. दोन्हीकडे सैन्य उभं राहतं, आणि आंगच्या मानेवर ते वचन बसलेलं असतं.

आधी एक पुरावा बाद करावा लागला, कारण चिंचवडकर तोच पुढे करत होता. त्याचं म्हणणं, मालिकेचे निर्माते मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको यांनी या कॉमिकला हात लावलाय, म्हणजे ते अधिकृत, म्हणजे झुको सुसंगत. यातला दुसरा 'म्हणजे' मला मान्य नाही. अधिकृत असणं हा मालकीचा प्रश्न आहे. पात्र टिकलं का, हा लिखाणाचा. शिवाय संहिता निर्मात्यांची नाहीच, ती जीन लुएन यांगची आहे, आणि मालिकेच्या लेखकांच्या टेबलावर यांग नव्हता. तिथला मुख्य लेखक अ‍ॅरन एहाझ. अर्थात मूळ हात असता तरी खात्री नव्हतीच. 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' १९९७ ते २००३ टीव्हीवर चालली आणि २००७ पासून तिचा आठवा सीझन कॉमिकमध्ये आला, खुद्द निर्माता जॉस व्हीडनच्या देखरेखीखाली. टीव्हीवर आई गेल्यानंतर घर चालवायला बर्गरच्या दुकानात घाणेरडी टोपी घालून राबणारी बफी तिथे पैशांसाठी स्विस बँक लुटते. निर्माता तोच, आणि तरीही प्रश्न उरतोच.

दुसरा पुरावा कोथरूडकरचा: "मला तो झुको वाटत नाही." हे तसं हसण्यावारी न्यायचं नाही. प्रेक्षकाला आधी कळतं, कारण नंतर सापडतं. पण कारण सापडेपर्यंत निकाल देता येत नाही. आणि इथे एक गोष्ट माझ्या धंद्यातली सांगते. मी मराठी मालिकांचे संवाद लिहिते. आपल्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि मधेच चॅनेलचा फोन आला की ट्रॅक बदलतो. काल जी सून सासूला उलटून बोलत होती ती आज अचानक देवघरात रडत बसते. तरी प्रेक्षक ते पचवतो, कारण चेहरा तोच आहे, आवाज तोच आहे. वाईट लिखाण नट झाकून नेतो. कॉमिकला ही सवलत नाही. झुकोचा मालिकेतला आवाज डान्टे बास्कोचा, घोगरा, वाक्याच्या शेवटी फाटणारा. रागातसुद्धा त्यात एक कोवळं पोर ऐकू येतं. पानावर उरतात अक्षरं आणि उद्गारचिन्हं. चित्रं गुरिहिरू या जपानी जोडीची. रेषा स्वच्छ, गोलाकार, सुरेख, पण घोगऱ्या नाहीत. म्हणून मी दोघांना सांगितलं, मनातल्या मनात तो आवाज लावून पुन्हा वाचा. कोथरूडकरची तक्रार बरीचशी तिथेच मवाळ झाली. सगळी नाही.

मग मोजायचं कशाने? वर्गातल्या बहुतेकांची पहिली कल्पना अशी की पात्राने मालिकेत काय केलं त्याची यादी करायची आणि कॉमिकमधली कृती त्यात बसते का ते बघायचं. ही पद्धत फसवी आहे. नव्या परिस्थितीत माणूस नवीनच काहीतरी करणार. राजा झाल्यावर झुको काय करेल याचं उत्तर मालिकेत असूच शकत नाही, कारण तिथे तो राजा होतो तो शेवटच्या काही मिनिटांत. कृती नवी असू दे. ती करण्यापूर्वी हा माणूस कोणाला विचारतो, कोणापासून लपवतो, कशाने डिवचला जातो, आणि चुकतो तेव्हा कोणत्या वाटेने चुकतो, ते पाहायचं. माणसाचं बरोबर येणं परिस्थितीवर अवलंबून असतं. चुकायची तऱ्हा मात्र त्याची स्वतःची असते. महाभारतातला धर्मराज कोणी कितीही नव्याने लिहिला तरी तो जुगाराच्या आमंत्रणाला नाही म्हणू लागला की वाचक पुस्तक मिटतो.

एका लांब वहीत तीन रकाने आखले: कशाने डिवचला, कोणाला विचारलं, कोणापासून लपवलं. डाव्या पानावर मालिका, उजव्या पानावर कॉमिक.

डावं पान 'द स्टॉर्म' या भागापासून सुरू झालं. पहिल्या पर्वातला बारावा भाग. कमाल अशी की आंग आणि झुको या दोघांची मूळ जखम याच एका भागात, जेमतेम तेवीस मिनिटांत सांगितली आहे. तेरा वर्षांचा झुको युद्धाच्या बैठकीत बसतो. एक सेनापती नवख्या शिपायांची तुकडी आमिष म्हणून बळी द्यायची योजना मांडतो. झुको सगळ्यांसमोर विरोध करतो, आणि त्याची शिक्षा म्हणून बाप त्याचा चेहरा भाजतो. म्हणजे झुकोला डिवचतं ते काय? नकाशावर शांतपणे घेतलेला निर्णय आणि त्यापायी भरडली जाणारी, नाव नसलेली माणसं. आता उजवं पान. यू दाओमध्ये नेमकं तेच घडतं. वसाहती हलवायचा ठराव नकाशावर अगदी न्यायाचा आहे; झुकोने स्वतः मान्य केलेला. कोरीचं घर बघितल्यावर तो फिरतो. कोथरूडकर म्हणत होती, "ताई, एवढ्या पटकन मत कसं बदलतो? मालिकेत बदलायला दोन पर्वं लागली." दोन पर्वं लागली ती बापाबद्दलचं मत बदलायला. माणसं भरडली जाताना दिसली की झुको कधीच थांबत नाही. बैठकीतही थांबला नव्हता, आणि त्याच भागात वादळात जहाजावरचा माणूस वाचवायला अवताराचा पाठलाग सोडतानाही नाही. पहिला रकाना जुळला, आणि अपेक्षेपेक्षा घट्ट जुळला.

खरी चुरस दुसऱ्या रकान्यात होती. बापाकडे सल्ला.

इथे चिंचवडकरने जे काढलं त्याला दाद द्यायला हवी. त्याने लॅपटॉपवर तिसऱ्या पर्वातला दुसरा भाग लावला, 'द हेडबँड', आणि शेजारी कॉमिक उघडून ठेवलं. त्या भागात झुको घरी परतलेला असतो. बापाची मर्जी, मान, राजवाडा, सगळं मिळालेलं. काका आयरोह तुरुंगात, आणि तो तिथे झुकोच्याच विश्वासघातामुळे. झुको लपूनछपून तुरुंगात जातो, सोबत खायला घेऊन. गजांसमोर बसतो. मला हवं ते सगळं मिळालं, पण वाटलं होतं तसं नाहीये, असं काहीसं बोलतो आणि सांगतो की मला सल्ला हवाय. काका पाठ फिरवून बसलेला, एक शब्द नाही. झुको चिडतो, ओरडतो, माझं मी बघून घेईन म्हणून निघून जातो. चिंचवडकरने तिथे व्हिडिओ थांबवला आणि कॉमिकच्या पानावर बोट ठेवलं: गादीवर बसलेला, झोप उडालेला झुको, रात्री, गुपचूप, तुरुंगात, गजांसमोर, सल्ला मागतोय. कैदी तेवढा बदललाय.

वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग कोथरूडकर म्हणाली, "जागा सारखी आहे, मान्य. पण माणूस बदलला हाच तर माझा मुद्दा आहे. काकाकडे जाणं आणि ओझाईकडे जाणं एक कसं?"

प्रश्न बरोबर होता. आयरोह त्या वेळी बा सिंग सेमध्ये चहाचं दुकान चालवतोय, म्हणजे लांब आहे. पण पत्र पाठवता आलं असतं. मला पटलेलं उत्तर असं. झुकोला पडलेला प्रश्न चांगलं काय, हा नव्हता. त्याचं उत्तर काकाने त्याला आयुष्यभर शिकवलं होतं. त्याला विचारायचं होतं, या गादीवर बसून झोपायचं कसं. आणि त्या गादीवर राज्य केलेला, अजून जिवंत असलेला माणूस जगात एकच उरला होता. आयरोह युवराज होता, राजा कधीच झाला नाही. झुकोची बहीण अझुला, तिचा राज्याभिषेक अर्धवट राहिला. शिवाय मालिकेच्या शेवटच्या भागात झुकोने ओझाईची कोठडी आधीच गाठलेली आहे: राजा झाल्यावर तो तिथे जातो आणि आई कुठे आहे ते विचारतो. उत्तर न देताच दृश्य कापलं जातं. म्हणजे ज्याच्याकडे माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे तो तुरुंगात आहे, ही गाठ मालिकेनेच मारून ठेवली होती. यांगने ती ओढली.

तिसऱ्या रकान्याला फार वेळ लागला नाही. झुको या भेटी कोणापासून लपवतो? त्याची प्रेयसी मेई हिच्यापासून. तिला कळतं तेव्हा ती त्याला सोडून जाते, आणि तक्रार भेटींची कमी, लपवल्याची जास्त. मालिकेत काय होतं? सूर्यग्रहणाच्या दिवशी झुको घर सोडतो तेव्हा मेईला एक चिठ्ठी ठेवतो. 'द बॉइलिंग रॉक'मध्ये तीच मेई तुरुंगात त्याच्यासमोर उभी राहून त्या चिठ्ठीचा हिशेब मागते. तिच्यावर जीव आहे म्हणून तिला सांगायचं नाही, एकट्याने ठरवायचं, आणि मग ती दुखावली की गोंधळून बघत राहायचं. मालिकेतलं आणि कॉमिकमधलं हे दुखणं एकच आहे. कोथरूडकरने या रकान्याखाली स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केली.

एक जादा पुरावा वर्गातल्या तिसऱ्याच मुलीने दिला, आणि तो मला सगळ्यांत आवडला. दुसऱ्या पर्वात झुको आंगच्या उडत्या बायसनला सोडून देतो, म्हणजे पहिल्यांदा स्वतःच्या ध्यासाविरुद्ध वागतो, आणि लगेच तापाने कोसळतो. आयरोह सांगतो की हा मनाच्या झगड्याचा ताप. 'द प्रॉमिस'च्या शेवटी, यू दाओची लढाई थांबते तेव्हाही झुको कोसळतो आणि बराच काळ शुद्धीवर येत नाही. एवढी बारीक शीर पकडणारा लेखक पात्र न बघता लिहीत नव्हता.

तेव्हा झुकोपुरता निकाल स्पष्ट: तोच आहे. चुकीच्या माणसाकडे गेला, पण स्वतःच्याच वाटेने गेला.

पण वही भरताना वेगळंच काहीतरी बाहेर आलं. वाद झुकोवर चालू होता आणि खरी गडबड आंगची होती.

ज्या मुलाने मालिकेच्या शेवटच्या चार भागांत ओझाईसारख्या माणसालाही मारायला नकार दिला, तो काही दिवसांतच मित्राला मारायचं वचन देतो? शेवटाकडे आंगवर किती दबाव होता ते आठवा. स्वतः झुको सांगत होता, मार. आधीच्या जन्मांतले अवतारही तेच सुचवत होते: रोकू म्हणाला निश्चयी हो, क्योशी म्हणाली न्यायाशिवाय शांतता नाही, आणि आंगच्याच वायुपंथीयांपैकी यांगचेन, जिच्याकडून त्याला आशा होती, तीही म्हणाली की तुझी वैयक्तिक तत्त्वं जगापुढे बाजूला ठेव. सगळे पूर्वजन्म एका बाजूला आणि बारा वर्षांचा मुलगा दुसऱ्या. तरी तो हलला नाही. सिंहकासव या प्राचीन प्राण्याकडून तिसरी वाट शोधली, ओझाईचं बेंडिंग, म्हणजे आग वश करायची शक्ती, काढून घेतली, जीव नाही. आता असा मुलगा झुकोच्या एका आग्रहापुढे हो म्हणतो, हे वरवर पाहता साफ बेसूर आहे.

आंगसाठीही तेच तीन रकाने. 'द स्टॉर्म'मधला आंग: अवतारपणाचं ओझं कळल्यावर रात्री पळून जातो. तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला: जहाजावरून गुपचूप निघून जातो. टॉफ या मैत्रिणीकडून मातीचं बेंडिंग शिकताना: समोरून येणाऱ्या दगडाला भिडायच्या ऐवजी बाजूला उडी मारतो, आणि टॉफ त्यावरूनच त्याला फैलावर घेते. आणि पहिल्या पर्वातला 'द ग्रेट डिव्हाइड', जो भाग आमच्या वर्गात कोणालाच फारसा आवडत नाही. दोन टोळ्यांचं शंभर वर्षांचं भांडण. आंग ते मिटवतो कसं? चक्क खोटी गोष्ट रचून. भांडणाचं मूळ म्हणजे दोन भावांचा खेळ होता, असं सांगतो, आणि नंतर हसत कबूल करतो की मी बनवलं. म्हणजे समोरचा पेटलेला असेल, तर त्याला शांत करणारं वाक्य आंग बोलून टाकतो. खरंखोटं मागाहून.

या प्रकाशात ते 'हो' वेगळं दिसतं. राज्याभिषेकानंतरचा झुको घाबरलेला आहे, सोडत नाही, पुन्हापुन्हा मागतो. आंग ते संपवायला हो म्हणतो. दशरथाने वर दिले तेव्हा त्यालाही वाटलं नव्हतं की कोणी ते वसूल करायला येईल. तेव्हा ते वचन आंगच्या स्वभावाबाहेरचं नाही. त्याच्या कमकुवत बाजूतून आलेलं आहे.

मग मला खटकतं काय? खटकतं ते हे की कॉमिक त्या वचनाला, ते देणाऱ्यापेक्षा जास्त गंभीरपणे घेतं. आंगने जे कदाचित वेळ मारून नेण्यासाठी म्हटलं, त्यावर यांगने तीन भागांची इमारत उभी केली. रोकू सतत त्याला आठवण देतो, आणि रोकूचं ते वागणं मात्र मालिकेशी चोख जुळतं: मित्र असलेला अग्निराष्ट्राचा राजा सोझिन, त्याला वेळीच संपवलं नाही म्हणून शंभर वर्षांचं युद्ध झालं, हा सल घेऊन मेलेला माणूस दुसरं काय सांगणार? झुको आईकडून त्याचाच पणतू, तरीही तो मार म्हणतो. शेवटी आंग रोकूशी नातंच तोडतो. हा मोठा प्रसंग आहे आणि मला तो पटतो. पण त्याआधी आंगला जो प्रश्न पडायला हवा होता, की मी ओझाईसाठी शोधलेली तिसरी वाट झुकोसाठी का नको, तो कथेच्या मध्यभागी कधी येतच नाही. चिंचवडकर म्हणाला, "ताई, बेंडिंग काढलं तरी गादी राहतेच ना." राहते. पण हे उत्तर आंगच्या तोंडून हवं होतं, त्याने झगडून मिळवलेलं. मालिकेतल्या आंगने विचारलं असतं आणि दोन भाग त्यावर घालवले असते.

जागेचा फरक इथे कळतो. मालिकेकडे ६१ भाग होते; कॉमिककडे तीन पातळ पुस्तकं, त्यात टॉफची धातू-बेंडिंगची शाळाही बसवायची. टॉफ, सोका या आंगच्या साथीदारांबद्दल वहीत फारसं काही लिहिलं नाही, कारण भांडण्यासारखं काही नव्हतं. टॉफ शिकवते तशीच शिकवते, ओरडून.

मी निकाल असा लिहिला: झुको सुसंगत, आंगचं वचन सुसंगत, आंगने त्या वचनाशी पुढे केलेला व्यवहार अपुरा, आणि तो दोष पात्राचा नसून कथेच्या आखणीचा, कारण लेखकाला हा पेच तिसऱ्या भागापर्यंत ताणायचा होता.

कोथरूडकरने वही घेतली, वाचली आणि मान्य केलं नाही. तिने विचारलं, "घाबरलेल्या मित्राला शांत करायला हो म्हणाला, ठीक. 'ग्रेट डिव्हाइड'मध्ये तो नंतर कबूल करतो की मी बनवलं. मग इथे दुसऱ्या दिवशी, मित्र शांत झाल्यावर, आंग परत येऊन का सांगत नाही की मी ते परत घेतो?"

याचं उत्तर मला मालिकेत सापडलं नाही आणि कॉमिकमध्येही नाही. वचनाच्या प्रसंगानंतर कथा थेट एक वर्ष पुढे जाते. तो दुसरा दिवस त्या उडीत गेलेला आहे. तिचं वाक्य मी माझ्या निकालाखाली तसंच राहू दिलं.